ओटिलियाच्या तिरक्या ओळी

प्रिय मार्लीन,

तुझ्या आईचं प्रकरण पुस्तकातून बाहेर गेलं आहे आणि ते परत आत घ्यायला माझ्याकडे शुक्रवारपर्यंत, म्हणजे पुस्तक छापखान्यात जाईपर्यंत, वेळ आहे. तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला तुला हे कुणी कळवलं नसणार. तुला कळवणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, असं इथे प्रत्येकाला वाटतं. म्हणून मी कळवते. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस.

आपल्या वस्तीच्या स्वयंपाकाचं पुस्तक कोळ्यांच्या सान पेद्रोच्या सणाआधी छापून यायचं आहे, एवढं तुझ्या कानावर असेल. बायकांनी आपापली प्रकरणं कॉम्प्युटरवर टाइप करून पाठवली. काय एकेक नमुने! डॅफ्नी डान्करचं सगळं कॅपिटल अक्षरांत, जणू ती कुंपणावरून शेजारणीवर ओरडते आहे. तिच्या वहिनीचं जांभळं. पदार्थाचं नाव मध्यभागी यावं म्हणून कुणी स्पेसची कळ बडवत नेलेली, नवं पान यावं म्हणून कुणी एंटरची. मी आयुष्यभर वकिलाच्या कचेरीत लांबलचक दस्त टाइप केले. शाळेत आमच्या सिस्टर इमेल्डा समास वाकडा गेला की अख्खं पान फाडायच्या. तेव्हा हे काम कुणाचं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण कमिटीने ते होरेसला दिलं. होरेस कस्टममधून निवृत्त झालेला, आणि त्याच्याकडे नवा लॅपटॉप!

होरेसने सगळं पुस्तक एकदम निवडलं आणि त्याला एक फॉन्ट, एक आकार आणि काळा रंग देऊन टाकला. वर छाती फुगवून मलाच म्हणतो, "बघ ग्वेन, आता कसं एकसारखं!" पदार्थाचं नाव, साहित्य, कृती, सगळं एका रांगेत सपाट. साहित्य कुठे संपलं आणि कृती कुठे सुरू झाली, पत्ता नाही. मी म्हटलं, "होरेस, लष्करी कबरस्तानही एकसारखं असतं. तिथे कुणी जेवायला जात नाही."

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण तुझ्या आईने आपल्या जहाल डेबल रश्श्याची कृती सरळ अक्षरांत लिहिली होती आणि मध्येमध्ये तुझ्याशी बोलणं तिरक्या निळ्या अक्षरांत. होरेसच्या इस्त्रीखाली दोन्ही एक झालं. चर्चच्या हॉलमध्ये डॅफ्नी कच्ची प्रत मोठ्याने वाचायला लागली. "कांदा लाल होईपर्यंत परत. झाला म्हणतेस? नाही झाला. तुला लहानपणापासून धीर नाही. मोहरी घाल. ख्रिसमसला घरी न येणाऱ्यांनी निदान मोहरी तरी ताजी कुटावी." बायका पोट धरून हसल्या. होरेसने विचारलं, "ओटिलिया, हा टोमणा चमच्याने घालायचा की वाटीने?" तुझी आई उठली. "माझी पानं काढून टाका," म्हणाली, आणि चहाला हात न लावता निघून गेली. डेबलशिवाय पुस्तक निघालं तर सिंगापूरचे नातेवाईक आपल्याला जन्मभर हसतील. पण तिला काय त्याचं!

त्याच संध्याकाळी मी होरेसच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून घरी आणला. त्याला विचारलं नाही. कचेरीत करायचे तेच केलं. प्रत्येक प्रकारच्या ओळीला तिची स्टाइल ठरवून दिली: पदार्थाच्या नावाला एक, साहित्याला एक, कृतीला एक. ओळीचं काम एकच असेल तर तिचं रूप पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच हवं; काम वेगळं असेल तर रूपही वेगळं हवं. एकसारखेपणा म्हणतात तो हा. तुझ्या आईच्या त्या ओळींसाठी मी चौथी स्टाइल केली, तिरकी, जरा आत सरकवलेली. तिचं नाव ठेवलं 'बोलणं'.

आणि मग मजा बघ. मूळ फायली उघडून बसले, तर असं बोलणं जवळजवळ प्रत्येकीचं! डॅफ्नीने सुजी केकच्या मधोमध सासूला सुनावलेलं आहे. तिच्या वहिनीने मासे साफ करताना मेलेल्या नवऱ्याला. हसणाऱ्या तोंडांनी आपापली प्रकरणं पुन्हा वाचली नव्हती, एवढंच. सगळ्यांचं बोलणं मी त्याच स्टाइलमध्ये बसवलं. होरेस कुरकुरला, "पुस्तकात बडबड कशाला?" मी म्हटलं, "बडबड काढलीस तर उरेल ती वाण्याची यादी. ती तू छाप, तुझ्या नावाने." डॅफ्नी तर आता प्रत्येकीला सांगत सुटली आहे की ही कल्पना तिचीच.

नवी प्रत घेऊन मी तुझ्या आईकडे गेले. तिने चष्मा लावून डेबलचं पान दोनदा वाचलं. चांगलं झालं आहे, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तोंडातून बाहेर येईल तर शपथ. शेवटी म्हणते, "या ओळी माझ्या नाहीत, मार्लीनच्या आहेत. ती हो म्हणाली तरच छापा." मी म्हटलं, "मग विचार की तिला. पोरगी तुझी आहे, माझी नाही." तर म्हणते, "माझा आणि तिचा काय संबंध! ती डेबलमध्ये नारळाचं दूध घालते आणि गिऱ्हाइकांना सांगते, हे माझ्या आईचं आहे." दोन ख्रिसमस झाले, तुझ्या पर्थच्या रेस्टॉरंटमधल्या त्या एका पातेल्यावरून तुम्ही एकमेकींशी बोलत नाही. तूही तिच्यासारखीच खडूस. ऑस्ट्रेलियन माणसाला तिखट झेपत नाही हे मला कळतं, पण आईचं नाव लावण्याआधी तिला एकदा विचारायला काय झालं होतं?

मी निघाले तेव्हा तिने मला परत बसवलं आणि पानाच्या शेवटी एक ओळ घालायला सांगितली, 'बोलणं'मध्येच. ती तुला जशीच्या तशी लिहिते: "दूध घालणारच असशील तर आच बंद करून घाल, नाहीतर फाटेल." माझी सगळी उमेद मी या एका ओळीवर लावली आहे, मार्लीन. मला परवानगी नकोच आहे. छापखान्याला कुणाची परवानगी दाखवावी लागत नाही, आणि ओटिलियाला मी कधीही गुंडाळू शकते. हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं, की तुझ्या आईला तुझा फोन हवा आहे आणि तो मागण्यासाठी तिला एक अख्खं पुस्तक अडवून धरावं लागलं. तेव्हा उत्तर मला पाठवू नकोस. तिला फोन कर. चर्चमधल्या सकाळच्या मिसानंतर ती घरीच असते, आणि हल्ली फोन पहिल्याच घंटीला उचलते.

तुझीच,
ग्वेन आंटी