आप्पांबद्दल सांगायचं नाही ते

कोल्हापूर,
८ जानेवारी १९९८

ती. शांतव्वा आत्तीस,
शांभवीचा वाकून शरणार्थ.

आप्पांना जाऊन पंचवीस तारखेला वर्ष होतंय. घरीच स्मरणाचा कार्यक्रम ठेवलाय. उद्यमनगरातले त्यांचे कारखानदार मित्र येतील, डोंगर हिंडणारी मंडळी येतील, आणि निपाणीचं जे स्थळ मला बघून गेलं, त्या अमरेशच्या घरचेही येणार आहेत. त्यांनी होकार अजून कळवलेला नाही. त्याची आई फार करारी आहे म्हणे. मला अमरेश आवडलाय, हे तुला म्हणून सांगते. अव्वाला कळू देऊ नकोस. तिला कळलंय, ते वेगळं.

अव्वाचा हुकूम आहे की त्या दिवशी आप्पांच्या करामतींबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. इंजिनेर म्हणायचं, निसर्गप्रेमी म्हणायचं आणि खाली बसायचं. येड्याच्या घरची पोरगी म्हणून स्थळ मोडलं तर ती तुला जबाबदार धरणार आहे, कारण तुझ्या धाकट्या भावाला लहानपणी पहिलं घड्याळ खोलायला तूच दिलंस. तर जरा बेतानं बोल.

गुडघ्याच्या दुखण्यात आमचा लोभ विसरू नये.
तुझी शांभवी


गडहिंग्लज,
१३ जानेवारी १९९८

चि. शांभवीस,
आत्तीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईला सांग, माझ्या तोंडाला कुलूप. शाळेची पायरी मी चढले नाही, जयाची, म्हणजे तुझ्या आप्पाची, पाटी बघून बघून अक्षर गिरवलं, पण कुठं काय बोलावं एवढं कळतं की.

तेव्हा त्या चपलांचं मी सांगणार नाही. दाजीपूरच्या जंगलात गव्यांनी लांबूनच वाट सोडावी म्हणून जयानं कोल्हापुरी चपलांच्या तळात बिया भरून त्यांची करकर चौपट केली. गवा पळाला नाही. ऐकत उभा राहिला. जया चालला की मागनं चालायचा, थांबला की थांबायचा. शेवटी आमचा इंजिनेर चपला बगलेत मारून जांभळीवर, आणि गवा खाली, पुढचं गाणं कधी लागतंय म्हणून वर बघत.

जीपच्या इंजिनाला वांगी बांधून शाहूवाडीपर्यंत भरीत करायचा, तेही सांगणार नाही. मलकापूरजवळ हवालदारानं धूर बघून बॉनेट उघडायला लावलं, चाखून बघितलं, आणि मीठ कमी आहे म्हणाला.

तंबूचं तर मेले तरी नाही. एक दोरी ओढली की आपोआप मिटायचा तो. आमच्या मालकांनी नेमकं त्याच दोरीवर धोतर वाळत घातलं आणि सकाळी हिसका मारून ओढलं. आत मी होते. जया बाहेर उभा राहून घड्याळ बघत होता, मिटायला किती वेळ लागतो म्हणून.

एवढं सोडून जे उरतं ते बोलेन. फार उरत नाही बघ.

गुडघ्यानं परवानगी दिली तर एस.टी.नं येते. माया होती तशीच ठेव, वाढवलीस तर तक्रार नाही.
तुझी आत्ती


कोल्हापूर,
२८ जानेवारी १९९८

ती. आत्तीस,
शांभवीचा शरणार्थ.

तुझ्या गुडघ्यानं ऐन वेळी दगा दिला. तू येत नाहीस कळल्यावर अव्वा आधी सुटले म्हणाली.

सगळे शिस्तीत बोलले. आप्पा मितभाषी होते, आप्पा वक्तशीर होते. मला वाटलं, भलत्याच घरी येऊन बसलो. मग शाहूवाडीचे पिराजीकाका उठले. त्यांच्या वाडीत आप्पांनी विजेशिवाय झऱ्याचं पाणी वर चढवणारा पंप बसवला, तो अजून चालतोय. पंप पहिल्यांदा चालू केला तवा सरपंच, एवढंच म्हणाले, अव्वाकडं बघितलं आणि बसले. सरपंचांचं पुढं काय झालं म्हणून सगळं घर ताटकळलं.

आणि अव्वाच उठली. म्हणाली, इतका वेळ कौतुक चाललंय तो माणूस कोण मला ठाऊक नाही, माझा नवरा असा नव्हता. मग सरपंच फेट्यासकट कसे न्हाले ते सांगितलं. मागोमाग गवा, भरीत, आणि तुझी झालेली घडी. लोक डोळे पुसत होते, हसून की कशानं ते कळेना. अमरेशची आई तेवढी पदर तोंडावर दाबून थरथरत होती. मला वाटलं, संपलं.

त्या उठल्या. कोपऱ्यात गप्प बसलेल्या नवऱ्याकडं बोट करून म्हणाल्या, आमच्यात बी एक हाय. पाखरं बघायला चिंचेवर पाळणा चढवायची कळ केली, त्यात मला बसवून वर धाडलं, आणि खाली आणायची कळ करायची राहिलीच. हे आपल्याला कळलं तर आपण स्थळ मोडू, म्हणून त्यांनी नवऱ्याला तोंड उघडायचं नाही अशी शपथ घातली होती. शपथ सुटली तसे ते पिराजीकाकांपाशी पंपाचं विचारत बसले, ताट वाढून गार झालं.

होकार तिथंच झाला. लग्न वैशाखात. सासरे मांडवाची मापं मागतायत, अक्षता वरून आपोआप पडायची सोय करतो म्हणतात. काही झालं तरी द्यायची नाहीत, असं अव्वानं बजावलंय.

कालच्या टपालानं मी पाठवली.

तू मांडवात जरा कडेला बस, आणि आशीर्वाद लांबूनच पण भरभरून दे.
तुझी शांभवी