पाहुण्यांतला इंग्रजीचा क्लास

अण्णा,

आज पुन्हा तुमच्यावर चिडले. कारण अगदी साधं होतं. कॉलेजात माझ्याकडे शिकणारी एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, बाहेर शिकायला जायच्या आधी इंग्रजीचा कोणता क्लास लावू?" चार ठिकाणांची माहिती काढून आली होती बिचारी. तिला नीट काही सांगायचं सोडून मी एकदम म्हणाले, "तुला कोणता लावायचाय ते तू ठरव. आणि घरच्यांना क्लास बघायला अजिबात नेऊ नकोस." ती बावरून माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या घरचे कशाला येतील क्लास बघायला? असं कोणी करतं का? आपण केलं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आईचं वय तुमच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलं, तरी तो दिवस आठवला की माझं डोकं तसंच तापतं. म्हणून म्हटलं, एकदा तुम्हालाच सगळं लिहावं. तोंडावर बोलायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. नाशिकजवळ, मखमलाबादकडच्या आपल्या मळ्यात झेंडू आणि शेवंती असायची, पहाटे टेम्पो फुलबाजारात जायचा. तोडलेली फुलं जास्त दिवस कशी टिकवायची, या विषयासाठी मला इंग्लंडच्या एका विद्यापीठाने प्रवेश दिला होता, वर शिष्यवृत्तीही. अट एकच होती, इंग्रजीच्या परीक्षेत त्यांनी सांगितलेले गुण पडायला हवेत. माझी शाळा मराठी, पुढचं इंग्रजी पुस्तकापुरतं. वाचलेलं कळायचं, लिहिताही यायचं, पण समोर माणूस बसवून बोल म्हटलं की शब्द सापडायचे नाहीत. आणि त्या परीक्षेत नेमकं समोर माणूस बसवून बोलायला लावायचे. म्हणजे मला बोलायला शिकवणारा क्लास हवा होता. हे मी तुम्हाला ओसरीवर बसून नीट समजावून सांगितलं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मान डोलावलीत आणि म्हणालात, "बरं. दाजीला बोलावतो."

दाजी म्हणजे देवळ्याच्या आत्याचे यजमान, कांद्याचे व्यापारी. आपल्या घरात विहीर खोल करायची असो, टेम्पो घ्यायचा असो की कुणाच्या मुलीचं स्थळ बघायचं असो, दाजींशिवाय पान हलायचं नाही. इंग्रजीशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्या ट्रकच्या मागे 'हॉर्न प्लीज' लिहिलेलं होतं. तरी ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, जीपमध्ये पुढची सीट. तुम्हीही लग्नाकार्याचा सदरा घातला होता. मी मागे बसले आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं की आपण क्लास नाही, स्थळ बघायला निघालोय.

पहिला क्लास कॉलेज रोडला होता. एका इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. शिकवणारी मॅडम तिशीची, केस बारीक कापलेले, स्वतः बाहेर शिकून आलेली. तिने तुम्हा दोघांना बाकावर बसवलं आणि मला आत नेलं. टेपरेकॉर्डर चालू करून म्हणाली, तुमच्या मळ्याबद्दल बोल. मी अडखळत काहीबाही बोलले. मग तिने माझाच आवाज मला ऐकवला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं इंग्रजी बाहेरून ऐकत होते आणि मला वाटलं होतं तेवढं ते वाईट नव्हतं. ती म्हणाली, "येतंय की तुला सगळं. पण प्रत्येक वाक्यानंतर थांबतेस. कुणी 'पुढे बोल' म्हणायची वाट बघतेस का?" अण्णा, मला त्या एका वाक्यात कळलं की हीच. मी हरखून बाहेर आले, तर तिथे दाजींची चौकशी सुरू झाली.

"मॅडम, गाव कोणतं तुमचं?"

"मी इथलीच."

"ते झालं. मूळ गाव?"

"नाशिकच म्हणा ना."

"मिस्टर काय करतात?"

त्यावर ती नुसती हसली आणि वेळापत्रकाचा कागद तुमच्या हातात दिला. जिना उतरता उतरताच निकाल लागला. तुम्ही म्हणालात, "गाव नाय सांगत, घरचं कोणी दिसत नाय, पाणीसुद्धा विचारलं नाय." मी म्हणाले, "अण्णा, आपण इंग्रजी शिकायला आलोय." तर तुम्ही, "माणूस बघूनच पोरगी पाठवतात ना कुठंही?" आणि तो कागद घडी करून खिशात टाकलात. वाचला नाहीत. वाचता आला असता तुम्हाला, खाली मराठीतही लिहिलेलं होतं.

दुसरा क्लास नाशिकातच, द्वारका चौकाजवळ. खाली टायरचं दुकान आणि वर सर राहायचे, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास. हायस्कूलातून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन गृहस्थ. आपण टेकतो न टेकतो तोच काकूंनी पोहे आणले. दाजींनी पहिला घास घेतला आणि गाव विचारलं. सरांचं गाव वणी निघालं. "वणीचे? मग आमच्या चुलत्याची लेक तुमच्याच भावकीत दिलीय की!" झालं. पुढचा अर्धा तास कोण कुणाचा कोण लागतो यात गेला. बाहेर ट्रकचे हॉर्न, आत पोह्यांची दुसरी बशी, आणि मी खुर्चीच्या कडेला बसून ओढणी सारखी करतेय. कधी तशी बसले ते माझं मलाच कळलं नाही. सरांनी एक उतारा वाचायला दिला, मी मान खाली घालून वाचला. "शांत आहे हो मुलगी," सर कौतुकाने म्हणाले. शांत आहे! बोलायची परीक्षा द्यायला निघालेल्या मुलीचं हे कौतुक, आणि तुमची छाती फुगलेली. जीपमध्ये दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मानूस आपला शे. उद्या कमीजास्त झालं तर बोलता येईल." बोलता तुम्हाला येणार होतं. मला कुठे येणार होतं?

सर मनाने चांगले होते, पंचाईत हीच होती. वाईट असते तर भांडता आलं असतं. ते व्याकरण शिकवायचे, भाषांतरं करून घ्यायचे, निबंध तपासून त्यावर सुरेख अक्षरात शेरे मारायचे, आणि हे सगळं मराठीत समजावून सांगायचे. त्या खोलीत महिनाभरात इंग्रजीत कोणी कोणाला साधं 'बस' म्हटलं नाही. काकू मला आतून चहा पाठवायच्या, बाकीच्या मुलांना नाही, कारण मी पाहुण्यांतली. तुम्ही दर गुरुवारी त्यांच्या देव्हाऱ्यासाठी शेवंतीची पुडी माझ्याबरोबर द्यायचात. ती हातात धरून त्यांच्या जिन्यावर चढताना मला रडू यायचं.

एका संध्याकाळी मी बोललेच. तुम्ही पाटावर जेवायला बसलाय, आई भाकरी थापतेय, स्वयंपाकघरात धूर झालाय. मी दाराला टेकून म्हणते, "अण्णा, मला कॉलेज रोडच्या क्लासला जायचंय. इथे कोणी बोलतच नाही." तुमचा घास हातातच थांबतो. "शब्द दिलाय त्यांना. मधूनच उठून दुसरीकडं जायचं? दाजीला काय तोंड दाखवू? वणीपर्यंत बोंब होईल."

"होऊ दे. परीक्षा मला द्यायचीय."

"मग दे ना, कोणी धरलंय? इंग्रजी काय पळून जात नाय." आणि आईकडे वळून, "वाढ." आई तव्यावरची भाकरी उलटते, माझ्याकडे बघत नाही. लोक मला म्हणतात, तू आपली आपण जायचंस ना त्या मॅडमकडे. म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या ओसरीवर येऊन तुमच्यासमोर उभं राहून बघायला हवं होतं.

व्हायचं तेच झालं. पुण्याला परीक्षा दिली. वाचनात, लेखनात उत्तम गुण. सरांचं तेवढं श्रेय मी आजही देते. बोलण्यात कमी पडले. समोरची बाई प्रश्न विचारायची, मी एक वाक्य बोलून थांबायचे. विद्यापीठाने कळवलं, प्रवेश रद्द करत नाही, पण सत्र सुरू व्हायच्या आधी इथे येऊन आमचा इंग्रजीचा अभ्यासक्रम पूर्ण करा, शेवटी पुन्हा परीक्षा होईल. थोड्या आठवड्यांचा एक होता आणि पुष्कळ आठवड्यांचा एक. माझ्या गुणांवर लांबलचकच मिळाला. म्हणजे सप्टेंबरअखेर जायचं ते जूनमध्येच निघायचं. तो अख्खा पावसाळा मी घरी असणार होते, अण्णा. दसऱ्याच्या झेंडूची लावण आपण बरोबर करायची ठरवली होती. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही खूश! "बघ, तिथं जाऊन तिथलंच शिकशील. चांगलंच झालं की." मला तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं होतं. तुमच्यामुळे काय गेलं ते तुम्हाला कधी समजलंच नाही. विमानतळावरही तुमचं शेवटचं वाक्य काय? "पोचल्यावर आधी सरांना फोन कर. मग आमाला." मी दोघांनाही केला. आधी सरांना. तुमचं ऐकायची सवय हाडात गेली होती.

तिकडून दर रविवारी फोन करायचे. तुम्ही ओरडून बोलायचात, जणू फोन मधे आहे हे तुम्हाला मान्यच नव्हतं. "शिकवणारे कुठले हायेत?" मी म्हणायचे, इथलेच. "घरी बोलावलं का चहाला?" नाही बोलावत हो इथे कोणी. "मग कसला क्लास!" फोन ठेवला की मी खोलीत एकटीच तणतणायचे. परीक्षेच्या आधीच्या रविवारी तुम्ही फोनवर आला नाहीत. आईचा आवाज बसलेला होता, सर्दी झालीय म्हणाली. तुम्ही गडावर देवीला गेलात म्हणाली. मागे दाजींचा आवाज ऐकू आला, म्हणून विचारलं तर म्हणाली, झेंडूची तोड सुरू होणारे, मदतीला आलेत. कांद्याच्या ढिगापुढेही कधी न वाकलेला माणूस झेंडू तोडायला आला, आणि मला शंकाही आली नाही.

परीक्षेत समोर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पुढे केलेल्या कार्डावर लिहिलेलं होतं, तुमच्यासाठी दुसऱ्या कुणी घेतलेल्या एखाद्या निर्णयाबद्दल बोला. अण्णा, मला हसूच फुटलं. मी सुरू झाले. जीप, तुमचा लग्नातला सदरा, गाव कोणतं, मिस्टर काय करतात, पोह्यांची दुसरी बशी, सगळं सांगितलं. तुमचा आवाज काढून दाखवला. कुठेही थांबले नाही. त्या बाईंनी हसून हसून चष्मा काढला, डोळे पुसले, आणि विचारलं, "मग आता वडील काय म्हणतात?" मी म्हणाले, "ते म्हणतील, बघ, शिकलीस ना शेवटी!" आम्ही दोघीही हसत होतो. संध्याकाळी उत्साहाने घरी फोन लावला. दाजींनी उचलला. "पोरी, आधी सांग, परीक्षा झाली का?"

"झाली, छान झाली. अण्णांना द्या."

मग त्यांनी सांगितलं. शुक्रवारी सकाळी तुम्ही झेंडूत पाणी धरायला गेलात, छातीत कळ आली आणि तिथेच सरीत बसलात, ते उठला नाहीत. दहावा अजून व्हायचा होता. मला कळवायचं नाही हे चौघांनी बसून ठरवलं होतं. आईला धरून दाजींनीच त्या रविवारी फोनवर तसं बोलायला लावलं. आता येऊन काय करशील, तिथंच कॉलेजात नाव घाल, हेही त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तुमच्यानंतर सुद्धा तुमच्याच पद्धतीने. मी फोनवर त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानंतर कित्येक वर्षं देवळ्याला पाऊल टाकलं नाही. सरांचा तो क्लास नसता, तर त्या शुक्रवारी मी तुमच्यापासून दोन सऱ्यांवर असते. वाचवू शकले नसते कदाचित. पण असते.

दाजी आता पार थकलेत. गेल्या दिवाळीत आत्याने आग्रहाने बोलावलं म्हणून गेले. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "पोरी, तवा सांगितलं असतं, तर दिली असती का तू परीक्षा?" मी चहाचा कप उचलून आत निघून गेले. हे विचारायची त्यांची ही काही पहिली वेळ नव्हती, आणि मी आत निघून जायचीही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही. नसती दिली, अण्णा. तोंडातून शब्द फुटला नसता. त्या परीक्षेत मला बोलण्याचे सगळ्यात जास्त गुण पडले, ते तुमच्यावर बोलून पडले, आणि ते मला बोलता आलं ते केवळ दाजींनी खोटं बोलायला लावलं म्हणून. दाजींना हे मी मरेपर्यंत सांगणार नाही. आता त्यांचंही वय झालंय. तिकडे भेटले, तर तुम्हीही सांगू नका.