तक्त्यातली सतरावी ओळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

शून्य! शंभर मिली सलाईन, दोन तासांत द्यायचं, लहान संच म्हणजे मिलीला साठ थेंब, तर मिनिटाला थेंब किती? माझा प्रोग्रॅम म्हणतो शून्य! बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स आहे मी. झोपेतून उठवलं तरी सांगेन, पन्नास.

क्लासमध्ये जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणारे मास्तर हसले नाहीत, हे उपकारच. म्हणाले, "ताई, इंट म्हणजे फक्त पूर्णांक, त्याला अपूर्णांक कळत नाही. शंभर भागिले एकशेवीस म्हणजे त्याच्या लेखी शून्य. मग कितीनंही गुणा."

चूक साधीच. पण तीच ओळ मी तीनदा उतरवलेली — मोठा संच, लहान संच, रक्ताचा संच. दोन ठिकाणी सुधारली, तिसरी विसरले. पुन्हा शून्य!

"एकदाच लिहा, नाव द्या, आणि हवं तेव्हा हाक मारा," मास्तर म्हणाले. त्यालाच मेथड म्हणतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जमलं! मेथडचं नाव थेंबदर. मिली, मिनिटं, संच हातात द्यायचे, आकडा परत घ्यायचा. तिन्ही संचांना एकच!

मेट्रनबाईंनी मात्र टोकलंच. "या वयात कसली थेरं? क्लासच्या परीक्षेपर्यंत दुपारची सूट देते. नापास झालीस तर क्लास बंद."

मान खाली घालून हो म्हटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वीसदा हाक मारली. वीसदा बरोबर. राणीसारखी पाय पसरून चहा प्यायले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

यांना कौतुकानं दाखवायला गेले. कुलपं दुरुस्त करणारा माणूस! म्हणाले, "बरोबर किल्लीनं कुलूप उघडणारच गं. चुकीच्या किल्लीनं उघडत नाही ना, ते बघितलंस?"

"म्हणजे?"

"मिनिटं शून्य टाक."

टाकली. एकोणीस आकडी संख्या आली! थेंब कसले, महापूर! मग मिनिटं उणे दहा. थेंबही उणे — म्हणजे लेकराच्या अंगातून सलाईन पिशवीत!

हे पोट धरून हसले. मी रागावले, आणि मग मीही हसले. आता वेडंवाकडं काही दिलं की मेथड साफ नकार देते. दोघांनी मिळून संध्याकाळभर चुकीच्या किल्ल्या लावल्या. लग्नानंतर इतक्या गप्पा झाल्या नव्हत्या!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वॉर्डातल्या भिंतीवर सलाईनचा तक्ता आहे — किती मिली, किती तास, किती थेंब. चोवीस ओळी. म्हटलं, मेथड तपासायला याहून चांगलं काय? तेवीस ओळी जुळल्या. सतरावी नाही. शंभर मिली, तीन तास, लहान संच: तक्ता म्हणतो तेवीस, मेथड म्हणते तेहेतीस.

मेट्रनबाई म्हणाल्या, "तक्ता बारा वर्षं चालतोय. तुझं यंत्र आठ दिवसांचं."

खरं आहे. माझंच चुकलं असणार. डोकं फुटायची वेळ आली, चूक सापडत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी होती, तरी वॉर्डात गेले. धुण्याच्या खोलीत बेसिनवर शंभर मिलीची पिशवी टांगली. लहान संच, घड्याळ समोर, मिनिटाला बरोबर तेवीस थेंब. तीन तास स्टुलावर बसून राहिले.

शेवटी पिशवीत एकतीस मिली शिल्लक!

तक्ता चूक. माझी मेथड बरोबर. ओरडावंसं वाटलं! आणि मग एकदम गार झाले. बारा वर्षांत त्या ओळीवर किती लेकरं... आम्ही जुन्या नर्सा मनात हिशेब करतो. पण नव्या मुली भिंतीकडेच बघतात.

पिशवी तशीच मेट्रनबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी उरलेलं पाणी दोनदा मोजलं. उठल्या, स्वतःच्या हातानं तक्ता उतरवला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परीक्षा! मास्तरांनी स्वतःच्या बारा चाचण्या थेंबदरवर सोडल्या. आम्हाला आधी दाखवल्याच नव्हत्या. पडद्यावर एकेक हिरवी खूण. शेवटची यायला जरा वेळ लागला.

बारापैकी बारा!! वर्गात सगळ्यात म्हातारी मी, आणि बारापैकी बारा फक्त मला!

मास्तरांनी हात जोडले. मी चक्क शिट्टी मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

क्लासला माझ्या शेजारच्या खुर्चीत मेट्रनबाई! कोरी वही, नवं पेन. पडद्याकडे बघतच हळू म्हणाल्या, "तो तक्ता मीच केला होता. मला शिकवाल का, सिस्टर?"