मंगळवारची प्रार्थना

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, ८ डिसेंबर

प्रिय निशा,

सप्रेम सलाम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र फ्रिजवर ठेवून दिलं असशील आणि दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता उघडलं असशील. चालेल. फोन केला असता, पण फोनवर मी एकटीच बोलत सुटते असं तूच म्हणायचीस. पत्र निदान मध्येच बाजूला ठेवता येतं.

इकडे सगळं बरं आहे. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, चर्चला नवा रंग दिलाय आणि तो कोणालाच आवडलेला नाही. नाताळच्या करंज्यांचं खोबरं काल किसून ठेवलं. मुरड घालायचं काम कायम तुझं. माझ्या करंज्या तेलात उकलतात. चार वर्षं आम्ही उकललेल्या करंज्या खातो आहोत. घरात कुणी तक्रार करत नाही, म्हणजे माझ्यासमोर करत नाही.

अशाच करंज्या करताना, चार वर्षांपूर्वी, तू हातातली लाटी खाली ठेवलीस आणि रडत रडत मला सांगितलंस की सार्थकला दारू सुटत नाही, त्याला सेंटरमध्ये ठेवलंय. कुणाला सांगू नकोस ताई, म्हणालीस. मी तुझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवून हो म्हटलं होतं. आणि चारच दिवसांनी, महिला मंडळाच्या मंगळवारच्या प्रार्थनेत, विनंत्या विचारल्या तेव्हा मी उभी राहिले आणि त्याचं नाव, आडनाव, सेंटर, सगळं सांगितलं. मनात पाप नव्हतं गं. भाच्यासाठी प्रार्थना मागते आहे असंच मला वाटत होतं. पण आडनावाशिवाय देवाला तो सापडला नसता, असं थोडंच होतं?

पोरगा घरी आल्यावर पहिल्याच रविवारी चर्चच्या अंगणात तीन बायकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, आता कसं आहे बाळा? त्यानंतर तो आपल्या चर्चमध्ये पेटी वाजवायला बसला नाही. आणि तू सगळ्यांदेखत मला म्हणालीस, ताई, तू देवाला नाही सांगितलंस, बायकांना सांगितलंस. मग तू तिकडे मांजरी गावातल्या चर्चला जायला लागलीस.

मला ते फार लागलं. पण मी पडले मोठी प्रार्थना करणारी, मी तुला क्षमा करायचं ठरवलं. हसू नकोस. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी डोळे मिटून मी सांगायची, प्रभू, मी निशाला क्षमा केली आहे, तिच्या मनातला राग तू काढून टाक. आणि हलक्या मनाने प्याला घ्यायची. चार वर्षं मी तुला दरमहा क्षमा करते आहे, आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

गेल्या शुक्रवारी आमचा पाण्याचा फिल्टर बिघडला. कंपनीने दुरुस्तीला माणूस पाठवला, तो सार्थक. पत्ता वाचून दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं त्याला, पण तो आला. अंगाने भरलाय, तुझ्यासारखाच कपाळाला आठ्या घालून काम करतो. फिल्टर जोडून झाल्यावर चहा घेतला आणि म्हणाला, मावशी, आई अजून चिडते, पण मला तुमचे आभार मानायचे होते. मंडळातल्या एक बाई सेंटरमध्ये भेटायला आल्या तेव्हा कळलं होतं मला. मग हात थरथरायचे तेव्हा एकच विचार करायचो, मंगळवारी पंचवीस जणी माझं नाव घेऊन प्रार्थना करतायत. त्या जोरावर तरलो.

मी त्याच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. काल प्रभुभोजनाचं तबक माझ्यापुढे आलं, मी प्याला न घेता पुढे दिलं. शेजारच्या बाईंना वाटलं, माझी साखर वाढली आहे. वाटू दे.

निशा, त्या मंगळवारी प्रार्थना झालीच नाही. मी सांगितल्यावर एकीने विचारलं, कुठलं सेंटर. दुसरीने आपल्या दिराची गोष्ट काढली. मग चहा आला, सहा वाजले, आणि घाईघाईने आशीर्वाद म्हणून आम्ही उठलो. पंचवीस जणी होतो, पण सार्थकसाठी एकीनेही डोळे मिटले नाहीत. मीसुद्धा नाही. पुढेही मी प्रार्थना केली ती तुझ्या रागासाठी, पोरासाठी नाही. काल घरी येऊन दार लावलं आणि पहिल्यांदा केली, आवाज न करता. त्यानंतर तुझी क्षमा मागितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून हे पत्र. मला क्षमा कर. जमेल तेव्हा कर, मी थांबेन. आणि एक तूच ठरव: ज्या प्रार्थनेच्या जोरावर पोरगा उभा राहिला ती झालीच नव्हती, हे त्याला सांगायचं की नाही? उद्या मंगळवार आहे, विनंत्या विचारतील. मी बसून राहणार आहे. या वेळी तुला विचारल्याशिवाय मी कुणापाशी तोंड उघडणार नाही.

तुझीच,
प्रेमलाताई