एकवीस वर्षांची सरासरी आणि ज्योत्स्नाचे बिबडे

१९ एप्रिल, सकाळी ६
धरणगाव. निश्चय: जागतिक हवामान परिषदेला पत्र लिहायचंच. गच्चीवर स्वतःचा पर्जन्यमापक, एकवीस वर्षांच्या नोंदी. जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नसाव्यात.

२२ एप्रिल
तापमान ४४.२. गल्लीपुढे करार मांडला: दुपारी दोन तास कूलर बंद. समोरच्या युसूफभाईंनी पहिली सही केली. खाली लिहिलं, २०५० पासून लागू. मग सगळ्यांनीच तसं लिहिलं. मोठे देश तरी वेगळं काय करतात? एकूण यश. आमचा कूलर दुपारी चालू होता, पण तो तुलनेसाठी.

२७ एप्रिल
बायकोला, ज्योत्स्नाला, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड वाळत घालायला तारीख हवी. ज्वारी तीन दिवस आधी भिजवावी लागते. गुडघे गेलेत, हे शेवटचं वर्ष म्हणते. लेक हेमलता सुरतेहून बिबडे न्यायला येणार. वही काढली. एकवीस वर्षांत २ मेला थेंब नाही. २ मे दिली. म्हणाली, "तुम्हनं बुक बठ्ठं खरं शे, पन ते आभायनी वाचेल शे का?" आभाळ कधी वही वाचतं का? अडाणी प्रश्न.

३० एप्रिल
ओट्यावर बायकांना विज्ञान समजावलं. हवा तापली की जास्त वाफ धरते, मग पाऊस अवेळी आणि एकदम कोसळतो. जुन्या हिशेबावर विसंबायचे दिवस गेले. युसूफभाईंच्या सलीमाभाभींनी विचारलं, मग २ मे कशावरून? म्हटलं, जुन्या नोंदींवरून. त्या उठून घरी गेल्या. पटलं असावं.

१ मे
मोबाईलवर वादळी पावसाचा इशारा. जिल्ह्यासाठी आहे, आमच्या गल्लीसाठी नाही. ज्योत्स्नाला सांगितलं नाही, उगाच घाबरली असती.

२ मे
पहाटे पाचला ज्वारीचा घाट शिजला. सलीमाभाभींनी चार खाटा दिल्या. गच्चीभर लुगड्यांवर दोनशे बिबडे.
दुपारी ३.१०. अंधारून आलं.
३.२०. वारा, मग गारा. मी आधी पर्जन्यमापक सांभाळायला धावलो. ज्योत्स्ना गुडघे धरत जिना चढून आली, तोवर लुगड्यांवर नुसती पेज उरली होती. ३१ मिलिमीटर. नोंद अचूक.

३ मे
अंदाज चुकला नाही, दिवस चुकला. हे तिला समजावायला गेलो. ती लुगडी धूत होती. ऐकलं की नाही, कळलं नाही.

४ मे
युसूफभाई भेटले. इशारा त्यांच्याही मोबाईलवर आला होता. म्हणाले, नाना, तुम्हीच तारीख दिली म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? ज्योत्स्ना दारातच उभी होती. माझ्या मोबाईलकडे बघून आत गेली.

६ मे
हेमलताचा फोन. यंदा बिबडे का नाहीत म्हणून विचारत होती. ज्योत्स्ना म्हणाली, "पानी पडनं, बस." मी शेजारीच बसलो होतो. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.