टेबलाखालचा सर्व्हर

२८ सप्टेंबर

सर्व्हरचा वेग मोजायची लॅब उभी राहिली! भाईंदर पूर्वेच्या या गाळ्यात, गळक्या एसीखाली. मांडणी सगळी माझी – एक सर्व्हर डेटा पाठवणार, दुसरा घेणार, मधे दोघांना जोडणारा नवा नेटवर्क स्विच. जुना स्विच काढला. डेटाची वाट तो अडवायचा आणि नाव मशीनचं खराब व्हायचं. नीरजने तो पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या त्याच्या घरी नेला.

भाड्याने आणलेला मोठ्या कंपनीचा सर्व्हर लावून आधी लॅबच तपासली. चोख. आता आम्ही जोडलेला आमचा सर्व्हर. नीरज म्हणाला, "तो माझ्यावर सोड." सोडला. कॉलेजपासूनचा पार्टनर, त्याला काय विचारायचं.

२ ऑक्टोबर

दसरा. आमच्या सर्व्हरला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. बोट जरा जोरात टेकलं, कोपऱ्यावर लाल ठसा उमटला. नीरज हसला, "शॉर्ट सर्किट करशील." मग ठरवलं – एकमेकांना सांगितल्याशिवाय एक वायरही हलवायची नाही.

७ ऑक्टोबर

भाविकाबेन चाचणी बघायला आल्या. त्यांच्या कुरिअर कंपनीला आठ सर्व्हर हवेत, वेग वीस गिगाबिटच्या वर. आला तेवीस! "क्या बात है," म्हणाल्या. पेढे घेऊन मी इंद्रलोक भागातल्या आमच्या घरी आले. आईने देवापुढे ठेवले.

८ ऑक्टोबर

सर्व्हर पुसायला घेतला. ठसाच नाही. स्टिकर आमचं, मशीन भाड्याचं! आमचा सर्व्हर टेबलाखाली, चादरीत गुंडाळलेला. ठसा जागच्या जागी.

नीरजला विचारलं. मान वर न करता म्हणाला, "आपला चौदाच्या पुढे जात नाही, क्षितिजा. ऑर्डर घालवायची होती का?"

म्हणजे आठ मंद मशीन्स त्या बाईंच्या गळ्यात मारायची, आणि चाचणीला नाव माझं. मला एका शब्दाने सांगता आलं नाही? रडले. त्याच्यासमोर रडायला नको होतं.

९ ऑक्टोबर

भाविकाबेनना फोन करून खरं सांगितलं. "बताया, अच्छा किया. पर अब आपके नंबर पे भरोसा कैसे करूँ?" ऑर्डर गेली.

नीरज म्हणाला, "दुकान तू बंद केलंस." किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला.

१० ऑक्टोबर

आई विचारतेय, भांडलात का. काय सांगू.

१२ ऑक्टोबर

आमचा सर्व्हर लॅबला लावला. बावीस. पुन्हा लावला. बावीस.

नीरजला फोन केला. "चौदा कुठे मोजलेस?"

"घरी. जुन्या स्विचवर."

माझ्या लॅबवर त्याने तो एकदाही लावून पाहिला नव्हता.