दारातला पूल

३ नोव्हेंबर, रविवार
गॅरेजमधली छोटी रेल्वेगाडी वर पोचली! शेजारचा ट्राउगॉट घड्याळ घेऊन उभा होता, त्यानेच खात्री केली — तीन मिनिटं दहा सेकंद, एकही डबा घसरला नाही. खालचं स्टेशन, गॅरेजच्या भिंतींना धरून चढ, मग दारातला पूल, की वरचं स्टेशन. बंद पडलेल्या डोंगरी रेल्वेमार्गाची हुबेहूब नक्कल, दोन वर्षांचं काम. मोटार अंगणात भिजतेय, भिजू दे.
अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या पर्वाच्या, पहिल्या रविवारी माझ्या भावाने, एबरहार्टने चालवायची. चार आठवडे आहेत.

५ नोव्हेंबर
भावाला फोटो दाखवायला वृद्धाश्रमात गेले. उन्हाळ्यापासून तो खोलीबाहेर पडलेला नाही. "पाय चालत नाहीत, बाहेर माझं काय काम?" हेच पालुपद. खऱ्या मार्गावरची शेवटची गाडी यानेच वर नेली होती. इंजिन तिथेच भंगारात गेलं, हा बसने खाली आला. त्याबद्दल कधी बोलत नाही.
फोटो बराच वेळ पाहिले. मग — "झकास. आणि मी आत कसा येणार? खुर्चीसकट रांगत?"
पुलाखालून दिवसातून वीस वेळा वाकून जाते, आणि चाकांची खुर्ची वाकत नाही हे डोक्यातच आलं नाही. ज्याच्यासाठी बांधलं तोच बाहेर.

६ नोव्हेंबर
पूल कापायचा. बिजागरी लावून फाटकासारखा उघडायचा. ट्राउगॉट भडकला.
"अगं, खरा पूल कधी उघडत नव्हता!"
"खऱ्या पुलाखालून कुणी खुर्चीत बसून जात नव्हतं."
"नदी जायची."
"मग नदीलाच बोलाव रविवारी."
करवत त्यानेच आणली.

१६ नोव्हेंबर
रूळ केसभर सरकले. इंजिन पार, मागचे दोन डबे फरशीवर.

१९ नोव्हेंबर
हीटर लावला की लाकूड आकसतं, बंद केला की फुगतं. आता दोन पितळी खिट्ट्या बसवल्या. त्या रूळ नेमके समोरासमोर धरतात, आणि वीजही त्यांच्यातूनच जाते. पूल उघडा असला तर गाडी आधीच थांबते.

२४ नोव्हेंबर
चाळीस फेऱ्या, एकही घसरण नाही! एकेचाळिसावी ट्राउगॉटने मुद्दाम भरधाव नेली. तीही पोचली! छत्तीस वर्षं मी वर्तमानपत्राची पानं छपाईला वेळेत सोडली. हे आठवडाभर आधी सुटलं.

२९ नोव्हेंबर
एबरहार्ट अजून येईन म्हणालेला नाही. येणार नाही असंही म्हणालेला नाही.

१ डिसेंबर, रविवार
आला!! खिडकीत नाताळचे कमानीचे दिवे लावले होते, श्टोलन, आमचा नाताळचा सुक्या मेव्याचा केक, कापून ठेवला होता. कशाकडे पाहिलं नाही. खिट्ट्या स्वतः ओढल्या, पूल उघडला, खुर्ची आत. बंद करायला मी पुढे झाले, तर — "हात काढ!"
गाडी सोडली. वळणावर वेग कमी केला. "इथे बर्फ साचायचा." चार मिनिटं पाच सेकंद! वर थांबवून हातातला कंट्रोलर खाली ठेवला.
"आता आण की खाली," ट्राउगॉट म्हणाला.
"आजचं वेळापत्रक संपलं."
श्टोलनचे तीन तुकडे खाल्ले आणि गेला. छान आहे म्हणाला नाही.

२ डिसेंबर, सकाळ
वृद्धाश्रमातून परिचारिकेचा फोन. "तुमचे भाऊ सहापासून कोट-टोपी घालून खाली दाराशी बसलेत. म्हणतात, गाडी वर राहिलीय, ती खाली आणायची आहे. आणि उशीर झाला तर कारणाच्या रकान्यात बहिणीचं नाव लिहा. पाठवू का त्यांना?"
म्हटलं, पाठवा. पूल उघडून ठेवतेय.